माळावरचा शेजार

हिंगोलीच्या लोहार गल्लीत मी भर दुपारी कंदील लावून घरं मोजली आहेत. आज सांगितलं तर कुणाला खरं वाटत नाही. माळवदाची घरं एकमेकांना खेटलेली, मधल्या बोळात दोन माणसं समोरासमोर आली तर एकानं भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, आणि आतल्या खोल्यांना खिडकी म्हणून नाही. माळवदात एखादं साणं, तेवढाच काय तो उजेड. नाली उंबऱ्याला लागून. असल्या घरात माणसं आजारी पडतात याचं कुणाला नवल वाटत नव्हतं, आणि त्याचाच मला राग यायचा.

सन पंचेचाळीसची गोष्ट. निजाम सरकारनं तालुक्याच्या गावांची सुधारणा करायचं काढलं आणि मला हैदराबादेहून तिकडं धाडलं. मी मूळचा नांदेडचा, त्यामुळं बोली समजत होती. काम असं की आधी गाव राहतं कसं ते बघायचं. पाणी कुठून येतं, एका खोलीत किती जण झोपतात, बाजाराला कोण कोणत्या वाटेनं जातं. मग गर्दी मोडून रुंद रस्ता काढायचा आणि उठवलेल्या लोकांसाठी बाहेर नवी वस्ती आखायची. माझा स्वभाव मुळात तिरसट. 'असंच असतंय' हे उत्तर मला चालत नाही, आणि हिंगोलीत दर दुसरं उत्तर तेच मिळायचं.

नव्या वस्तीला जागा मी पहिल्याच आठवड्यात हेरली. गाव आणि रेल्वे स्टेशन यांच्या मधला माळ. उंच, सपाट, पावसाचं पाणी न साचणारा. इतकी चांगली जागा गावाला लागून रिकामी कशी राहिली, असं मला वाटायला हवं होतं. मला नुसता आनंद झाला.

मोजणी सुरू केल्यावर एक गोष्ट ध्यानात आली. स्टेशनावरून गावात येणारी माणसं माळ सरळ ओलांडत नसत. थोडं सरळ यायची, मग एकदम काटकोनात वळायची, काही अंतर जाऊन पुन्हा वळायची. मध्ये ना झाड, ना खड्डा, ना दगड. डोक्यावर ट्रंक घेतलेला हमालसुद्धा तसाच वळायचा. एका ठिकाणी तर बाया डोक्यावरचा पदर पुढं ओढून घ्यायच्या, सासऱ्याच्या ओसरीपुढून जाताना घेतात तसा, आणि थोडं पुढं गेल्यावर मागं सारायच्या.

माझी मोजणीची साखळी धरायला दस्तगीर म्हणून गावचाच माणूस होता. पन्नाशीचा, अबोल. त्याला विचारलं, "दस्तगीर, ही माणसं वाकडी काहून चालतेत?"

"वाट तशीच हाय, साहेब."

"अरे, वाट माणसंच पाडतात ना?"

"व्हय. पाडली असंल कुणी तरी."

साखळी ओढताना मात्र त्याला सरळ रेषेत जावंच लागायचं. तेव्हा तो तोंडातल्या तोंडात काही पुटपुटायचा. एकदा मी मुद्दाम जवळ जाऊन ऐकलं. तो म्हणत होता, "माफ करा, बीबी. जरा सरका." मी डोळे वटारले, तर म्हणाला, "आदत हाय, साहेब." एवढं बोलून त्यानं खुंटी ठोकली.

चौकशी केली तेव्हा खुलासा सापडला. पूर्वी प्लेगाच्या सालात सगळं गाव उठून या माळावर झोपड्या घालून राहिलं होतं. झोपड्यांच्या गल्ल्या होत्या, कोपरे होते. झोपड्या गेल्या, पण पायांना गल्ल्या पाठ राहिल्या. थोरांचं बघून पोरं तशी चालली, पोरांचं बघून परगावचे. मला ही मोठी मौजेची गोष्ट वाटली. असा खुलासा सापडला की मला भूक चांगली लागते. मी त्याच माळावर चुन्याच्या फक्कीनं सरळ, रुंद, पांढरेशुभ्र रस्ते आखले. त्यांवरून कुणी चाललं नाही, पण म्हटलं, घरं उभी राहिली की चालतील.

आता माळावर पहिलं घर बांधून राहायचं कुणी? सगळे एकमेकांकडं बघत होते. संतराम मात्र तयार झाला, आणि त्याला कारण होतं.

संतराम जिनिंगमध्ये कामाला होता. रस्त्याच्या पट्ट्यात पहिलं घर त्याचंच येत होतं. घरात म्हातारी आई गोजरबाई आणि बायको मंजुळा. मंजुळाची दोन लेकरं त्या आतल्या खोलीत जन्मली आणि तिथंच गेली. दोन्ही छातीत दाटून. ती खोली मी मोजली होती. भिंतीला हात लावला की ओल हाताला यायची. तिला आता तिसऱ्यांदा दिवस गेले होते. दवाखान्यातले डॉक्टर आणि मी, दोघांनी संतरामला बसवून सांगितलं, "बाबा रे, हे लेकरू जगवायचं असंल तर उजेडात जा. हवेत जा." मी हे मनापासून सांगितलं होतं.

गोजरबाई मात्र ऐकेना. "त्या माळावर म्या एक पावसाळा काढलाय," ती म्हणाली. "आता न्हाई. तुमी जावा खुशाल, म्या लेकीकडं जाते." आणि गाठोडं घेऊन ती कळमनुरीला गेली ती गेलीच.

घर मी स्वतः आखलं. पूर्वेला दार, प्रत्येक खोलीला समोरासमोर खिडक्या, पुढं ओटा. सेहेचाळीसच्या संक्रांतीनंतर मंडळी राहायला गेली. मी आणि दस्तगीर हजर होतो. तिकडं अशी रीत आहे की नव्या घरात पाऊल टाकलं की घरच्या बाईनं दारात उभं राहून शेजाराला आवतण द्यायचं, हळदीकुंकवाला या म्हणून. मंजुळा दारात करंडा घेऊन उभी राहिली आणि खुळ्यासारखी इकडंतिकडं बघू लागली.

"हाक कुणाला मारू, साहेब? शेजार तर न्हाई."

मला हसू आलं. म्हटलं, "मारा की चारी बाजूंना. शेजार येणारच आहे. मीच आणून राहिलोय."

ती पण हसली. मग तिनं माळाकडं तोंड करून चांगली खणखणीत हाक दिली, "शेजारच्या बायांनो, हळदीकुंकवाला या. घर तुमचंच हाय, येत-जात जावा!"

दस्तगीर पायऱ्या उतरून चपला शोधत होता. चपला त्याच्या पायातच होत्या.

पुढचे दोन-तीन महिने बाकीच्या घरांची कामं या ना त्या कारणानं अडत गेली. कधी चुना नाही, कधी गवंडी नाही. माळावर संतरामचं एकच घर. नवरा दिवसभर जिनिंगमध्ये, पोटुशी बाई एकटी. एकटेपणाला कंटाळून ती पुन्हा गल्लीत जाईल याचीच मला धास्ती होती. आमच्या धंद्यात हे नेहमीचं दुखणं आहे, घर देता येतं, शेजार देता येत नाही. म्हणून मी अधूनमधून चक्कर टाकायचो.

पण बाई खुशीत होती. अंगावर तेज आलं होतं. एकदा ओट्यावर एक मातीची वाटी दिसली, आत अंबाडीची भाजी.

"ही कुणाची वाटी?"

"शेजारची. रिकामी कशी परत करू? म्हणून भाकरीचा काला करून राहिले."

मला वाटलं स्टेशनच्या क्वार्टरमधल्या बाया येत असतील. बरं वाटलं. दोन दिवसांनी स्टेशन मास्तरांना भेटलो तेव्हा सहज त्यांच्या मंडळींचे आभार मानले. ते म्हणाले, "आमच्याकडून कुणी जात नाही. लांब आहे हो, आणि वाट तसली."

दस्तगीरला बोलून दाखवलं. तो साखळीच्या कड्या पुसायला लागला. मग म्हणाला, "साहेब, आमच्या गावात आवतण देताना माळाकडं पाठ करतेत. हिंदू असू दे, मुसलमान असू दे. मंजुळाबाईचं माहेर कनेरगाव नाक्याकडचं. तिला कोण सांगणार? सासू असती तर तिनं सांगितलं असतं."

"पाठ काहून करतेत?"

"करतेत," तो म्हणाला.

मी त्याच्यावर खेकसलो. एका वाटीवरून एवढी भुताटकी उभी करायची मला गरज वाटली नाही.

आषाढात मंजुळा बाळंत झाली. त्या दिवशी कयाधूला पूर होता, सुईण नदीपलीकडं अडकली आणि दिवस मावळता मावळता पोचली. तोवर सगळं पार पडलं होतं. मुलगी, चांगली ठणठणीत. नाळ नीट कापलेली, बाई न्हाऊन-माखून निजलेली, शेगडीत ओवा टाकलेला. सुईण म्हणाली, "कुणाचा हात हाय? लई जुना हात दिसतो."

संतराम दुसऱ्या दिवशी माझ्याकडं आला. पेढ्याऐवजी गुळाचा खडा हातावर ठेवला आणि तसाच उभा राहिला.

"साहेब, म्या बाहेर ओट्यावर बसलो होतो. आत बाया बोलून राहिल्या होत्या. पाणी मागत होत्या, हसत होत्या. पर दारातून आत जाताना म्या कुणाला बघितलं न्हाई. निघताना बी न्हाई."

"मागच्या दारानं गेल्या असतील."

"मागचं दार तुमीच ठेवलं न्हाई, साहेब."

हे खरं होतं. मी त्याला म्हटलं, लेकरू सुखरूप आहे ना? मग देवाचं नाव घे. तो मान हलवून गेला.

मुलगी वाढत गेली. महिना गेला, दुसरा गेला, दाटलं नाही, कण्हली नाही. आधीची दोन्ही याच वयात गेली होती. डॉक्टर मला म्हणाले, "तुमच्या खिडक्यांनी जगवली." मी खरंच सुखावलो. आजही त्या खिडक्यांबद्दल माझं मत बदललेलं नाही.

थंडीच्या दिवसांत एकदा दुपार कलल्यावर मी गेलो. मंजुळा खिडकीशी बसून सुपात तुरी पाखडत होती. घर झाडूनपुसून लख्ख. कोनाड्यातला धूप नुकताच विझलेला. लेकरू दिसेना.

"पोरगी कुठाय?"

"शेजारी न्हेलीय खेळवायला."

यात काय विशेष? तान्हं लेकरू कुठल्या गल्लीत आईपाशी राहतं? या घरून त्या घरी, या कडेवरून त्या कडेवर. मी आयुष्यभर तेच बघत आलो. म्हणून क्षणभर मला काही वाटलंच नाही.

मग मी विचारलं, "कुठल्या शेजारी?"

तिनं सुपाच्या कडेनं खिडकीबाहेर दाखवलं.

ती खिडकी मीच ठेवली होती. तिच्यातून स्टेशनपर्यंतचा माळ स्वच्छ दिसायचा. वाळलेलं गवत, माझ्या खुंट्या, लांब मालधक्क्याचं पत्र्याचं छप्पर. माणूस नव्हतं. जनावर नव्हतं.

"रोज नेतात?"

"रोज. लई जीव लावतेत. दिवस बुडायच्या आत आणून देतेत." ती पाखडत राहिली. "त्यांची लेकरं राहिली न्हाईत ना, साहेब. माझ्यासारखंच हाय त्यांचं."

संतराम तेवढ्यात कामावरून आला. अंगावर सरकी, कापसाचे तंतू. मला बघितलं आणि त्याचा बांध फुटला. "साहेब, आमाला हितून काढा. पाया पडतो. कुठं बी ठेवा, गोठ्यात ठेवा."

माझ्या तोंडून निघालं, "चला. आत्ताच्या आत्ता चला."

मंजुळानं सूप खाली ठेवलं. "असं कसं? लेकरू येऊ द्या की. लेकराला टाकून जायचं का?"



आम्ही ओट्यावर उभे राहिलो. ऊन माळावरून मागं सरत होतं. संतराम माझा दंड धरून होता, त्याला ते कळत नव्हतं.

दिवस टेकला तेव्हा आवाज आला.

लेकराचा आवाज. हसण्याचा, मध्येच हुंकार देण्याचा. माळाच्या मध्यातून.

आवाज जमिनीवरून येत नव्हता. बाईच्या कडेच्या उंचीवरून येत होता.

तो जवळ आला. मग उजवीकडं वळला आणि लांब गेला. थांबला, पुन्हा वळला. मला ती वळणं पाठ होती.

घराच्या कोपऱ्याशी आवाज बंद झाला.

मंजुळा पायरी उतरली. दोन्ही हात पुढं केले. "आज झोपली न्हाई का?" तिनं विचारलं. आम्हाला नव्हे. मग हसून म्हणाली, "व्हय का? लई द्वाड हाय."

मी जमिनीकडं बघत होतो. वर बघायची माझी छाती झाली नाही.

मान वर केली तेव्हा लेकरू तिच्या खांद्यावर होतं. कपाळाला काजळाची ताजी तीट. ओठाच्या कडेला दूध.

त्याच संध्याकाळी मी तिघांना गावात आणलं. दवाखान्यामागची एक खोली मिळाली, खिडकीवाली. मला वाटलं, सुटलो.

पण लेकरू आईचं घेईना. अंगावर धरलं की तोंड फिरवायचं. शेळीचं दूध बोळ्यानं दिलं, ते ओघळून गेलं. मध चाटवला, तो थुंकला. रडतही नव्हतं. नुसतं स्टेशनच्या अंगाला मान वळवून पडून राहायचं, खाट फिरवली तरी मान तिकडंच. डॉक्टरांनी तपासलं, कुठं काही दुखणं सापडेना. दोन दिवसांत डोळे खोल गेले, टाळू बसली.

तिसऱ्या दिवशी सकाळी मंजुळानं लेकरू कुंचीत गुंडाळलं आणि उठली. संतराम आडवा झाला. मी दारात उभा राहिलो.

"सरका, साहेब," ती म्हणाली. आवाज शांत होता. "तुमीच म्हणला व्हता ना, हे लेकरू जगवायचं? दोन लेकरं म्या अंधारात घातली. ही जगणार असंल तर कुणाच्या बी पदराखाली जगू दे."

मी सरकलो. दुसरं काय करायला हवं होतं ते मला आजतागायत सुचलेलं नाही.

ती माळावरून गेली, वळत वळत. संतराम बराच वेळ उभा राहिला आणि मग तिच्या मागून गेला.

पुढं माझी बदली झाली. सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीसची धामधूम उसळली, रस्ते बंद झाले, कोण कुठं गेलं पत्ता नाही. सुधारणेची योजना बारगळली. अठ्ठेचाळीसच्या हिवाळ्यात, नवं सरकार आल्यावर, अर्धवट राहिलेली कामं बघायला मला पुन्हा हिंगोलीला जावं लागलं. लोहार गल्ली होती तशीच होती. रस्त्यासाठी पाडलेल्या संतरामच्या घराच्या जागी उकिरडा झाला होता.

माळावर अजून एकच घर होतं. मी तिकडं गेलो. वाटेनंच गेलो.

मंजुळाबाई ओट्यावर बसली होती. केस निम्मे पिकले होते, पण प्रकृती बरी दिसली. मला ओळखलं, बसायला घोंगडं टाकलं, पाणी दिलं. संतराम जिनिंगमध्येच होता. इकडचं तिकडचं बोलणं झालं. गोजरबाई गेल्याचं तिनं सांगितलं. मी घरात नजर टाकली. पाळण्याच्या कड्या आढ्याला होत्या. पाळणा नव्हता. लेकराचं एक फडकं कुठं दिसत नव्हतं.

शेवटी विचारलंच. "पोरगी?"

"लई चांगली हाय!" तिचा चेहरा उजळला. "अंग धरलंय. जावळ काढलं, केस हे एवढे आले. पळती नुसती."

"कुठाय?"

"तिकडंच असती. पाळणा बी तिकडंच दिला, झोपायला तिकडंच लागतं तिला. दुपारची येती हिकडं. घटकाभर खेळती अंगणात, मग न्हेतेत."

"नाव काय ठेवलं?"

"त्यांनी ठेवलंय. मला ठावं न्हाई. हाक मारतेत ती मला ऐकू येत न्हाई."

मी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "बोलायला लागली असेल आता?"

"लागली की. गोड बोलती." मंजुळाबाईनं पदर नीट केला, माळाकडं बघितलं आणि म्हणाली, "मला मावशी म्हणती."